हात टेबलावर ठेवा आणि गप्प बसा

आरोग्य सेविका म्हणून मी ३२ वर्षं नोकरी केली. एवढ्या वर्षांत किती हातांना बीपीचा पट्टा बांधला याचा हिशोब नाही. पण त्यातले बरेचसे आकडे चुकीचे होते, हे आता घरी बसून वाचायला वेळ मिळाल्यावर कळतंय.

उपकेंद्रावर काय चालायचं ते आधी सांगते, म्हणजे काय करू नये ते आपोआप समजेल. शिबिराचा दिवस, बाहेर ६० बाया. उन्हातून चालत आलेली बाई स्टुलावर बसली न बसली की ब्लाउजच्या बाहीवरूनच मी पट्टा गुंडाळायची. तिचा हात मांडीवर, नाहीतर खाली लोंबता. पट्टा फुगत असतानाच माझे प्रश्न सुरू : मुलं किती, पाळी कधी आली, मागच्या वेळच्या गोळ्या संपवल्या का. पाऱ्याची रेघ १२८ वर दिसली की रजिस्टरमध्ये लिहायचं १३०. एकदा आमच्या डॉक्टर मॅडमनी रजिस्टरवरून बोट फिरवत विचारलं, "सिस्टर, तुमच्या गावात सगळ्यांचं बीपी शून्यावरच संपतं का?" मला त्या वेळी राग आला होता.

आता अमळनेरला बोरीकाठी घर आहे. गल्लीतली माणसं मशीन घेऊन माझ्याकडे येतात, कधी मोबाइलवर आलेलं नवं संशोधन घेऊन येतात. हा लेख त्यांच्यासाठी, आणि थोडासा माझ्या थोरल्या भावासाठी. आम्ही त्याला जिभाऊ म्हणतो. पारोळ्याकडे कापूस करतो, अंगानं पैलवान.

जिभाऊचं बीपी घरच्या मशीनवर १६८ यायचं. दोन गोळ्या चालू होत्या, तिसरीची बोलणी चालली होती. तो दर वेळी म्हणायचा, "बाई, तुन्हं मशीन खोटं बोलस." मी त्याला गप्प करायची. मग एका दिवशी शिवणकामाची टेप घेऊन त्याचा दंड मोजला, तर ३७ सेंटिमीटर भरला. पट्ट्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, २२ ते ३२. म्हणजे मशीन खोटं बोलत नव्हतं, पण त्याला पट्टा चुकीचा बांधलेला होता. मोठा पट्टा मागवला आणि आठवडाभर मोजलं. सरासरी १५० च्या आसपास आली. बीपी होतंच, पण जितकं दिसत होतं तितकं नव्हतं. ते कागद घेऊन तो डॉक्टरांकडे गेला आणि पुढचं त्यांनी ठरवलं.

म्हणून सुरुवात मशीनपासून नको, टेपपासून करा. खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मधे दंडाचा घेर मोजा. २०२३ मध्ये अमेरिकेत १९५ जणांवर झालेल्या एका अभ्यासात एकाच माणसाला वेगवेगळ्या मापांचे पट्टे लावून पाहिले. ज्यांना मोठा पट्टा लागत होता त्यांना मधल्या मापाचा लावला, तर वरचा आकडा सरासरी ५ नं जास्त आला. ज्यांना त्याहून मोठा लागत होता त्यांचा तर साडेएकोणीसनं जास्त. उलट बारीक दंडाला मधला पट्टा लावला की आकडा ३ ते ४ नं कमी येतो. आपल्याकडे सडपातळ म्हाताऱ्या बाया पुष्कळ. त्यांचं वाढलेलं बीपी ढिल्या पट्ट्यात लपून जातं, हेही ध्यानात ठेवा.

मशीन दंडावर बांधायचंच घ्या. मनगटाचं दिसायला सुटसुटीत, पण हात जरा वरखाली झाला की आकडा बदलतो. कोणतं मॉडेल तपासणीत उतरलंय याची यादी स्ट्राइड बीपी नावाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. मुलाला किंवा नातवाला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. घेतल्यावर एकदा, आणि पुढे वर्षातून एकदा, मशीन डॉक्टरांकडे न्या आणि त्यांच्या मशीनशी ताडून बघा. सेल कमजोर झाले की ते बदला, मशीनला चापट्या मारू नका. (आमच्या गल्लीत मारतात.)

आता बसायचं कसं. हा भाग सोपा वाटतो, आणि इथेच सगळे घसरतात.

मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू-बिडी नाही, पायऱ्या चढ-उतार नाही. लघवीला जाऊन या. तुंबलेल्या पोटानं आकडा चढतो. पाठ टेकेल अशा खुर्चीत बसा. खाट नको, ओटा नको, पाट नको. दोन्ही पाऊल जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. बायांनी बाही वर सरकवून दंडाला काच बसू देऊ नये, हात बाहीतून काढून घेतलेला बरा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या खोबणीच्या दोन बोटं वर, आत दोन बोटं जातील इतका घट्ट. मग ५ मिनिटं नुसतं बसायचं. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आणि बोलायचं नाही. घरातल्यांनीही "किती आलं, किती आलं" करत डोक्यावर उभं राहायचं नाही. नुसत्या बोलण्यानं वरचा आकडा सहज ५ ते १० नं चढतो. जिभाऊला हे ५ मिनिटांचं मौन जड जातं. पट्टा फुगायला लागला की त्याला नेमकी विहिरीची मोटर आठवते.

आणि हात. हात टेबलावर, तळवा वर, पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीला. टेबल बुटकं असेल तर खाली उशी किंवा घडी घातलेली चादर ठेवा. हे नुसतं पुस्तकी वाटतं म्हणून २०२४ चा अभ्यास सांगते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १३३ जणांचं बीपी तीन प्रकारे मोजलं : हात टेबलावर, हात मांडीवर, हात बाजूला लोंबता. कुणाचा कोणता प्रकार आधी हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलं, म्हणजे क्रमाचा परिणाम नको. मांडीवर ठेवल्यावर वरचा आकडा सरासरी ३.९ नं जास्त आला, लोंबत्या हाताला ६.५ नं. तुम्ही म्हणाल, सहानं काय होतं? ज्याचं खरं १३६ आहे त्याचं कागदावर १४२ होतं, आणि माणूस एका फटक्यात बीपीचा पेशंट ठरतो. माझ्या शिबिरांत सगळेच हात मांडीवर नाहीतर लोंबते असायचे. त्यातल्या कितीजणी उगाच घाबरल्या असतील, याचा विचार आला की मला अजून चुटपुट लागते.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं मोजा. जो हात जास्त दाखवेल तोच पुढे कायम वापरा. दोन्हींत सारखा १० पेक्षा जास्त फरक येत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

किती वेळा मोजायचं? रोज उठून दहादा नाही. गल्लीतल्या एका काकूंना नवं मशीन आलं आणि त्या दर तासाला मोजायला लागल्या. आकडा बघून घाबरायच्या, घाबरल्यामुळे पुढचा आकडा आणखी वर. त्यांचं मशीन मी चार दिवस माझ्याकडे आणून ठेवलं. पद्धत अशी : डॉक्टरांकडे जायच्या आधी ७ दिवस, सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी दोन वेळा, रात्री जेवणापूर्वी दोन वेळा, दोन मोजण्यांत १ मिनिटाचं अंतर. आलेला आकडा जसाच्या तसा लिहायचा. १२८ म्हणजे १२८. माझ्यासारखं १३० करू नका. पहिला दिवस सोडून द्या, कारण नवेपणाची धास्ती त्यात असते. उरलेल्या ६ दिवसांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर ते वाढलेलं समजतात. दवाखान्यासाठी हीच रेघ १४०/९० ची धरतात, कारण तिथे पांढरा कोट बघूनच काहींचं चढतं. तुमचं स्वतःचं लक्ष्य किती हे वय, साखर, किडनी बघून डॉक्टर ठरवतील.

इथे मोबाइलवरच्या संशोधनाबद्दल एक गोष्ट. 'बीपी १२० च्या खाली हवं' असा निरोप फिरत असतो. त्यामागचा स्प्रिंट नावाचा अमेरिकेतला अभ्यास खरा आहे, २०१५ चा, ९,३६१ जणांचा. १२० च्या खाली ठेवलेल्यांत हृदयविकार, अर्धांग असे प्रसंग वर्षाला शेकडा १.६५ घडले, १४० च्या खाली ठेवलेल्यांत २.१९. बातमीत हेच 'पंचवीस टक्के घट' म्हणून येतं. पण त्या अभ्यासात माणूस ५ मिनिटं शांत बसायचा, मग मशीन आपोआप तीनदा मोजून सरासरी काढायचं, आणि बऱ्याच ठिकाणी त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नसायचं. शिवाय साखर असलेले आणि आधी अर्धांग झालेले लोक त्यात घेतलेच नव्हते. (साखर असलेल्यांवर चीनमध्ये वेगळा अभ्यास झाला, तो २०२४ मध्ये आला आणि त्याचाही कल तसाच निघाला.) तेव्हा बाजारातून धावत येऊन, हात लोंबता ठेवून काढलेला आकडा त्या १२० शी जुळवू नका. कुठलीही बातमी आली की मी दोनच गोष्टी विचारते : शंभरातल्या किती जणांना फरक पडला, आणि ती माणसं माझ्या जिभाऊसारखी होती का.

गोळी सकाळी घ्यावी की रात्री, हा दुसरा आवडता प्रश्न. ब्रिटनमध्ये २१,१०४ जणांवर पाच वर्षांहून जास्त काळ चाललेला अभ्यास २०२२ मध्ये आला. फरक निघाला नाही. आठवण राहील ती वेळ धरा, आणि आपण होऊन बदलू नका.

आता कामाच्या दिवसांबद्दल. हे मला मुलामुळे कळलं. तो जळगावला एका फायनान्स कंपनीत वसुलीच्या कामावर आहे. रविवारी घरी आला की मी मोजायची, १२२, १२४. दवाखान्यातही तसंच. मी निर्धास्त. तो मात्र म्हणायचा, "आई, संध्याकाळी डोकं ठणकतं गं." एकदा मशीन त्याच्या बॅगेत घातलं आणि म्हटलं, मंगळवारी ऑफिस सुटल्यावर रूमवर जाऊन शांत बसून मोज. १४६. बुधवारी १४८. महिनाअखेर होती.

याला झाकलेलं बीपी म्हणता येईल. दवाखान्यात चांगलं, कामावर वाढलेलं. कॅनडात क्यूबेकमध्ये साडेतीन हजार ऑफिसवाल्यांवर अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. त्यांच्या दंडाला कामाच्या दिवशी मशीन बांधून ठेवलं होतं आणि ते दर पंधरा मिनिटांनी मोजत होतं. आठवड्याला ४९ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत असं झाकलेलं बीपी निघण्याची शक्यता ३५ तासांहून कमी काम करणाऱ्यांपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त दिसली. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा वर काम करणाऱ्यांना अर्धांगाचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा ३५ टक्के जास्त. याचा अर्थ शंभरातल्या पस्तीस जणांना अर्धांग होईल असा नाही. आधीच लहान असलेला धोका सव्वापटीहून थोडा मोठा होतो, इतकंच. पण सकाळी सातला शटर उघडून रात्री नऊला पाडणारे आमच्या बाजारपेठेतले दुकानदार ५५ तास गुरुवारीच ओलांडतात.

म्हणून तुमच्या सात दिवसांत कामाचे दिवस आलेच पाहिजेत. सुट्टी घेऊन, शेतावर जाऊन, मस्त भरीत-भाकरी खाऊन मोजलेला आठवडा डॉक्टरांना फसवतो. रात्रपाळी करणाऱ्या सिस्टर, वॉचमन, ट्रकवाले यांनी 'सकाळ' म्हणजे घड्याळातली सकाळ धरू नये. झोपून उठल्यावरची पहिली वेळ ती तुमची सकाळ. रात्रपाळी संपवून घरी आल्या आल्या मोजलेलं सकाळच्या रकान्यात घालू नका, वेगळं लिहा. आणि एक आतली गोष्ट सांगते. एवढ्या वर्षांत आम्ही गावाचं मोजलं, पण आम्हा सेविकांचं आणि आशाताईंचं कधी ओळीनं आठवडाभर कुणी मोजलं नाही. आम्हीही नाही. माझं बीपी निवृत्तीनंतर सापडलं.

मुलाचं काय झालं? डॉक्टरांनी २४ तासांचं मशीन लावून खात्री केली, अर्धी गोळी सुरू केली. कंपनी काही बदलली नाही. रात्री दहानंतर वसुलीचा फोन उचलायचा नाही, एवढं त्यानं स्वतःशी ठरवलंय.

उन्हाळ्याचं प्रकरण आपल्या भागात वेगळंच लिहावं लागतं. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४४-४५ ला टेकतो. अशा उन्हात कातडीजवळच्या रक्तवाहिन्या पसरतात, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, आणि बीपी खाली येतं. थंडीत उलट. गोळी मात्र डिसेंबरला ठरलेली तीच मे महिन्यात चालू असते. त्यात लघवी वाढवणारी गोळी असेल तर आणखीच. मागच्या मे अखेरीला जिभाऊ ठिबकवर कापूस लावताना वाकून उठला आणि मटकन खाली बसला. लोकांनी ऊन लागलं म्हणत कांदा फोडला. मी मोजलं तर १००/६०. उठून बसल्यावर पहिलं वाक्य, "मी काय मरी ऱ्हायनू का?"

त्यानंतर उन्हाळ्यात आम्ही एक मोजणी जास्त करतो. बसून मोजायचं, मग उभं राहून १ मिनिटानं आणि ३ मिनिटांनी परत मोजायचं. उभं राहताना जवळ कुणीतरी हवं. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं पडत असेल, किंवा उठताना अंधारी येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मात्रा कमी करायची का ते तेच सांगतील. चैत्रात बीपी छान आलं म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करणारे खूप बघितलेत मी. दिवाळीनंतर तेच लोक डोकं धरून येतात.

मिठाबद्दल थोडक्यात. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, त्यात सगळं आलं. आपल्याकडे भाजीतल्या मिठाहून ताटाच्या कडेचं मीठ भारी : लोणचं, ठेचा, बिबड्या, उडदाचा पापड, शेवभाजीतली शेव. पापडखारातही सोडियम असतं. मी वाळवणं बंद केली नाहीत, तेवढी हिंमत नाही माझी, पण पीठ भिजवताना मीठ निम्मं केलं. कमी सोडियमचं, पोटॅशियम मिसळलेलं मीठ बाजारात मिळतं. उत्तर चीनमधल्या ६०० गावांत जवळपास २१ हजार लोकांवर त्याचा अभ्यास झाला, २०२१ मध्ये आला. सगळे आधी अर्धांग होऊन गेलेले किंवा साठीच्या पुढचे बीपीवाले. वर्षाला दर हजारी ३४ च्या जागी २९ जणांना अर्धांग झालं. चांगलंच आहे. पण किडनीचा त्रास असेल, किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल, तर विचारल्याशिवाय ते घरात आणू नका. अशांच्या रक्तात पोटॅशियम साचू शकतं, आणि ते हृदयाच्या ठोक्यांना महागात पडतं.

आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखतंय, दम लागतोय, तोंड वाकडं झालंय, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, दिसायला अंधुक झालंय, यातलं काहीही असेल, तर दुसऱ्यांदा मोजत बसू नका. १०८ ला फोन करा. त्रास काहीच नसेल तर शांत बसून ५ मिनिटांनी परत मोजा, आणि तितकंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. शेजाऱ्याची गोळी उसनी घेऊन जिभेखाली ठेवायची जुनी खोड सोडा. बीपी धाडकन पाडण्यातही धोका असतो.

वही कशी आखायची ते राहिलं. शाळेची दोनशे पानी घ्या. तारीख, वेळ, वरचा, खालचा, नाडी, आणि शेवटी शेऱ्याचा एक रुंद रकाना. झोप झाली नाही, जागरणाला गेलो, गोळी चुकली, लग्नात जेवलो, ते तिथे लिहायचं. मशीननं नाडी अनियमित असल्याची खूण दाखवली तर तीही. डॉक्टरांसमोर मोबाइल चाळत बसण्यापेक्षा ही वही उघडून ठेवली की त्यांचं काम अर्ध्या मिनिटात होतं.

जिभाऊच्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात एका संध्याकाळी १५८/९२ च्या पुढे तीन शब्द आहेत : 'कापूस विकाले गयथू.'